चिंधी बांधलेल्या चाव्या

आमच्या माजघरात देवघराच्या डाव्या अंगाला एक फळी ठोकलेली आहे. तिच्यावर सात खिळे, सात खिळ्यांना सात चाव्या. एकीला तांबडी चिंधी, एकीला निळी, एकीला सुंभाच्या दोन गाठी, एकीला कुणाच्या तरी जुन्या नऊवारीचा हिरवा काठ. वाडीतली सात घरं वर्षातले अकरा महिने बंद असतात. माणसं विरारला, डोंबिवलीला, एक बिऱ्हाड पार बडोद्याला. चाव्या आमच्याकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. दर अमावास्येच्या आसपास त्या एकेक घर उघडतात, दारं-खिडक्या सताड करून वारा खेळवतात, केर काढतात, देवापुढे दिवा लावतात आणि कुलपात खोबरेलाचे दोन थेंब सोडून परत येतात. समुद्र इतका जवळ की नवताल कुलूपसुद्धा दोन पावसाळ्यांत रुसतं, तिथे बाकीच्यांची काय कथा.

लग्न होऊन आले त्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने त्यांना म्हटलं, आई, मी प्रत्येक चावीला नावाची चिठ्ठी लावून देते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बांगड्याच्या तिखल्यात साखर घालायला निघाले होते. "नाव लिवचा नाय गो," त्या म्हणाल्या. "चावी गावली तरी दार गावता नये."

तेव्हा हसले होते. आता चौदा संगणकांचे पासवर्ड सांभाळते, त्यामुळे हसू येत नाही.

मी वेंगुर्ल्यात राहून हिशेबांची कामं करते. टॅली, जीएसटी, पगारपत्रकं. दोन काजू कारखाने, आंबा आणि कोकमाचं एक कॅनिंग, शिरोड्याच्या वाटेवरची दोन होमस्टे, एक डॉक्टर, एक हार्डवेअरचं दुकान. पूर्वी स्कूटरवरून फिरायचे. आषाढात एकदा आडव्या पडलेल्या फणसाच्या झाडापाशी दोन तास छत्री धरून उभी राहिले आणि ठरवलं, आता घरी बसून त्यांच्या संगणकात शिरायचं. ओटीवरचं टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या आत कुडाळपासून शिरोड्यापर्यंतचे चौदा पडदे.

एका संगणकात शिरायला तीन कुलपं उघडावी लागतात, हे गिऱ्हाइकांना समजावताना माझा अर्धा जीव जातो. पहिलं दुरून जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मग ते एनीडेस्क असो, टीमव्ह्यूअर असो की रस्टडेस्क. दुसरं विंडोजचं. तिसरं टॅलीचं. तिन्हींचे पासवर्ड वेगळे, तिन्ही विसरण्याचे परिणाम वेगळे. पहिलं विसरलं तर संगणकापुढे बसलेला माणूस नवीन घालू शकतो. दुसरं विसरलं तर डोकेफोड होते, पण बहुतेकदा वाट सापडते. तिसऱ्यात टॅलीव्हॉल्ट, म्हणजे सगळा हिशेबच कूटबद्ध करणारी टॅलीची सोय, लावलेलं असेल आणि तो पासवर्ड गेला, तर बनवणारेसुद्धा तो परत काढून देऊ शकत नाहीत. वर्षाचा हिशेब डोळ्यांसमोर असतो आणि वाचता येत नाही. विहिरीत पडलेल्या कळशीसारखा, दिसतो पण हात पोचत नाही.

लोक विचारतात, विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप असताना ही बाहेरची सॉफ्टवेअरं कशाला? कारण दुकानातून स्वस्तात येणाऱ्या बहुतेक संगणकांवर विंडोजची होम आवृत्ती असते, आणि होमवर बाहेरून आत घ्यायची सोयच नाही. ती प्रोमध्ये आहे. माझ्या एका काजू कारखान्यात प्रो होतं. म्हणून आनंदाने जोडायला गेले, तर तो माझा पासवर्ड घेईना. तिथला क्लार्क शपथेवर सांगत होता, "म्याडम, रोज ह्योच चार आकडे घालतंय आणि उघडता." उघडणारच. तो पिन होता. विंडोजचा पिन त्या एका यंत्रापुरता असतो, त्या कीबोर्डवरच चालतो. दुरून जाताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो खरा पासवर्ड तीन वर्षांपूर्वी संगणक बसवून गेलेल्या मुलाने घातला होता. तो मुलगा आता दुबईला. त्याला व्हॉट्सॲपवर गाठलं तर म्हणाला, ताई, मी सगळीकडे एकच टाकायचो, पण तो कुठला ते आठवत नाही.

दुसऱ्या कारखान्यात याच्या उलट. पासवर्डच नव्हता, संगणक सुरू केला की सरळ पडदा. मला वाटलं, सोपं काम. पण विंडोज रिकाम्या पासवर्डच्या खात्याला दुरून आत घेत नाही, समोर बसलेल्यालाच घेतं. चांगली खोड आहे. उंबऱ्यावरून हाक मारणाऱ्याला आधी नाव विचारावं, घरच्या माणसाला विचारू नये, इतका साधा हिशेब.

मग आमची लाईट. एकदा-दोनदा गेल्याशिवाय इथे पावसाळ्यातला दिवस मावळत नाही. लाईट गेली, संगणक बंद झाला, आली की परत सुरू झाला (बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मूळ व्यवस्थेत, तशी सोय करून ठेवावी लागते, नाहीतर कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत तो थंड). सुरू झाला की दुरून जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा दर वेळचा फिरता पासवर्ड बदललेला. क्लार्क घरी गेलेला. नवीन आकडे वाचून दाखवायला तिथे कोण आहे? म्हणून कायमचा पासवर्ड घालून ठेवायचा, म्हणजे समोर कुणी नसलं तरी आत जाता येतं. सॉफ्टवेअरवाले याला अनअटेंडेड ॲक्सेस म्हणतात. आमच्या सासूबाई तेच गेली तीस वर्षं अमावास्येला करतात.

या रिकाम्या ऑफिसात शिरण्याची एक गंमत सांगते. मार्चअखेरीला रात्री साडेअकराला मी काजू कारखान्याच्या संगणकात नोंदी करत होते. तिथला राखणदार आरवलीकडचा. त्याने काचेतून पाहिलं तर बंद ऑफिसात पडदा उजळलेला, बाण आपला आपण फिरतोय, चौकोन उघडतायत, मिटतायत. आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या संस्कारातला माणूस. त्याने काचेबाहेरूनच हात जोडले, घातलं एक छोटं गाऱ्हाणं आणि सकाळी मालकांना सांगितलं, ऑफिसात काहीतरी जागृत आहे. मालकांनी मला फोन केला तेव्हा दोघेही पोट धरून हसलो. नंतर मात्र मला ती गोष्ट टोचत राहिली. रिकाम्या घरात मी काय काय बघते? डेस्कटॉपवर मालकांच्या मुलीची पत्रिका असते. डॉक्टरांकडे पेशंटची नावं. होमस्टेवाल्यांच्या व्हॉट्सॲपमधलं नवरा-बायकोचं भांडण एकदा उघडंच होतं. सासूबाई कुणाच्याही घरात कपाटाला हात लावत नाहीत, फक्त देवघर आणि खिडक्या. मीही टॅलीपलीकडे बघत नाही, पण ते मी स्वतःला सांगते. मालकाला ते कसं कळणार?

आता माझ्या सगळ्यात मोठ्या फजितीकडे येते.

सुरुवातीला मी हुशारी केली होती. प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड, पण लक्षात राहील असा. सुरुवातीला रोमन लिपीत गावाचं नाव, वेंगुर्ला, मग एक चिन्ह, मग जागेची खूण, मग साल. कॅनिंगला कॅनिंगची खूण, डॉक्टरांना डॉक्टरांची. प्रत्येक पासवर्ड पंधरा-सोळा अक्षरांचा, आणि मला त्याचा केवढा अभिमान. कॅनिंगमध्ये चार संगणक व्हीएनसी नावाच्या दुरून जोडणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरवर होते. हे व्हीएनसी १९९०च्या दशकाच्या शेवटी केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत जन्मलं, फुकट मिळतं, म्हणून जगभर पसरलं. एका सकाळी मी कॅनिंगच्या गोदामातल्या संगणकाचा पासवर्ड टाइप करत होते. वेंगुर्ला एवढं लिहून झालं आणि गडग्यापाशी म्हावरेवालीची हाक आली. बांगडे ताजे होते. उठता उठता मनगट एंटरवर पडलं.

पडदा उघडला.

मी बांगडे विसरले. परत बाहेर आले, परत नुसतं वेंगुर्ला. उघडलं. वेंगुर्ला लिहून पुढे काहीबाही बडवलं. उघडलं. चारही संगणक तसेच. दुपारी शोधत बसले तेव्हा कळलं की जुन्या व्हीएनसीची पासवर्ड तपासायची पद्धत डीईएस नावाच्या जुन्या कूटलेखनावर बांधलेली आहे. तिच्या किल्लीत आठच अक्षरं मावतात, नववं अक्षर आलं की ते मुकाट्याने सोडून देतं. सांगतही नाही. आणि रोमन लिपीत वेंगुर्ला लिहायला लागतात बरोबर आठ अक्षरं. मोजून पाहा. माझं चिन्ह, माझ्या खुणा, माझी सालं, सगळं दाराबाहेर पडून होतं. चार दारांना मी चार रंगांची चार कुलपं लावली होती, आणि चारही एकाच चावीने उघडत होती. ती चावी म्हणजे गावाच्या वेशीवरची पाटी.

त्या रात्री झोप लागली नाही. कॅनिंगच्या मालकांना सकाळी फोन करून सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बाय, गोदामात पाटे आणि बरण्या आसत. नेतलो कोण?" मालकांना वाटत होतं, संगणकात शिरणारा चोर बरण्या न्यायला येतो.

त्यानंतर मी ताळ्यावर आले. व्हीएनसी काढून टाकलं. ज्या एका ठिकाणी आधीच्या माणसाने राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं दार थेट इंटरनेटकडे उघडून ठेवलं होतं, ते बंद केलं. बंद करण्याआधी विंडोजच्या नोंदवहीत डोकावले. चुकलेल्या लॉगिनची नोंद तिथे ४६२५ या क्रमांकाखाली होते. पानंच्या पानं होती. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर, अशी नावं घेऊन कोणी तरी, म्हणजे कुठलं तरी यंत्र, रात्रभर दार वाजवत होतं. काजूच्या हिशेबात त्याला रस नव्हता, नुसतं वाजवून बघत होतं. नवीन ‘विंडोज अकरा’ हे दहा चुकांनंतर दहा मिनिटं खातं अडवून धरतं, पण त्या संगणकावर जुनं ‘विंडोज दहा’ होतं.

पासवर्डसाठी शेवटी कीपास घेतलं. एकच फाइल, तीत सगळे पासवर्ड कूटबद्ध, आणि ती उघडायला एक मोठा मुख्य पासवर्ड. तेवढाच डोक्यात ठेवायचा. माझा मुख्य पासवर्ड म्हणजे पाच शब्द आहेत, कुणीही एका ओळीत ठेवणार नाही असे. चौदा संगणकांचे बाकीचे बेचाळीस आता यंत्राने बनवलेले आहेत, त्यांना तोंडही नाही आणि शेपूटही नाही. कॉपी करून पेस्ट करायचं. त्यातही एक मेख आहे, ती मला उशिरा कळली. दुरून जोडलेलं असताना माझ्या लॅपटॉपवर कॉपी केलेलं तिकडच्या संगणकावरही पोचतं. म्हणजे डॉक्टरांचा पासवर्ड कॉपी केला आणि तेवढ्यात होमस्टेची खिडकी उघडी असेल, तर तो तिकडेही हजर. कीपास काही सेकंदांनी पाटी पुसून टाकतं, तरी मी आता एका वेळी एकच घर उघडते. दुसरी मेख मराठीची. कॅनिंगच्या क्लार्कला ग्रामपंचायतीला पत्रं लिहायची असतात, म्हणून त्याचा कीबोर्ड कायम मराठीवर. पासवर्डच्या चौकटीत काय उमटतंय ते दिसत नाही, नुसते ठिपके. आपण रोमन बडवतोय असं वाटतं आणि आत देवनागरी जात असते. तीनदा चुकलं की आधी कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघायचं, मग स्वतःला दोष द्यायचा.

कारकून मंडळींची लाज काढायला मी तयार नाही. कारखान्यातल्या एका ताईंनी पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहिला होता, गॅस संपल्याच्या तारखांच्या रांगेत, आणि वरून "गॅस" असंच लिहिलं होतं. त्यात मला बुद्धी दिसली. संगणकाला पासवर्ड लावायची रीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने आणली. यंत्र एकच अवाढव्य, वापरणारे पुष्कळ, ज्याच्या त्याच्या फायली वेगळ्या राहाव्यात एवढाच हेतू. त्याच कोर्बातोंनी २०१४ साली एका मुलाखतीत कबूल केलं, की आपणही पासवर्ड टाइप करून ठेवलेले कागद बाळगत होतो. दर तीन महिन्यांनी बदला, एक चिन्ह घाला, एक आकडा घाला, हा जो जाच आहे, त्याचा उगम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या नियमांत आहे. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्याबद्दल आपल्याला पश्चात्ताप होतो असं त्यांनीच सांगितलं. संस्थेनेही त्याच वर्षी ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती सोडली. जबरदस्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा एक आकडा वाढवतो. मी तरी दुसरं काय केलं होतं? साल बदललं होतं.

पण कुलूप कितीही पक्कं असलं तरी घरातल्याने आतून कडी काढली तर काय करणार? गेल्या वर्षी काजू कारखान्याच्या काकांना फोन आला. विजेचं बिल भरलेलं दिसत नाही, रात्री लाईट कापणार, मोबाइलवर हे ॲप टाका आणि दिसतील ते आकडे सांगा. काकांनी ॲप टाकलं. मग नशिबाने मला फोन केला. "बाय, नऊ आकडे इचारतत. तू इचारतस तसेच. सांगू मां?"

तू विचारतेस तसेच. मी गार पडले. बरोबरच होतं. चार वर्षं मीच त्यांना सवय लावली होती, फोन आला की पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायचे. त्यांच्या लेखी आकडे विचारणारं कुणीही म्हणजे हिशेबवाली बाय. रिझर्व्ह बँकेने दुरून आत शिरू देणाऱ्या अशा ॲपांबद्दल फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं, १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबरही मी सगळ्यांच्या भिंतीवर चिकटवला होता. भिंतीवरच्या कागदाने काय होतं? हाताला वळण मी लावलेलं होतं. त्या दिवसापासून फोनवर आकडे विचारणं बंद. चौदाही ठिकाणी कायमचा पासवर्ड, आणि सगळ्यांना एकच सांगून ठेवलंय, आकडे विचारणारी मी असेन तर ती मी नाही.

हे सगळं नीट लागलं आणि मी जरा फुशारले. मग गणपती आले.

श्रावण संपता संपता सासूबाईंच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयातले खडे. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेलं, ऑपरेशन ठरलं. नवरा त्यांच्याबरोबर. मी घरी. चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुपारी, पाऊस नुसता ओततोय, आणि दारात रिक्षा. डोंबिवलीचे भावोजी, वैनी, दोन मुलं, म्हातारी आई, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मखर. "वैनीनु, चावी दिया."

मी फळीपुढे उभी राहिले. सात चाव्या, आणि मला एकही ओळखू येईना. सासूबाई ऑपरेशन थिएटरमध्ये, नवऱ्याचा फोन बंद. एकेक चावी घेऊन भावोजी त्यांच्या दाराशी जायचे, भिजून परत यायचे. तांबडी नाही. निळी नाही. सुंभवाली आत गेली, फिरेना, आता मोडते की काय म्हणून हळूच काढली. मुलं पडवीत कुडकुडत. आणि मला डोळ्यांसमोर आपल्याच चौदा संगणकांचे पडदे दिसायला लागले. उद्या बांबोळीला मला नेलं तर? बेचाळीस पासवर्ड एका फाइलीत, फाइलीची चावी माझ्या डोक्यात, आणि डोकं भुलीखाली. मार्चअखेर असली तर काजूवाले काका कुणाच्या दारात भिजत उभे राहतील?

तेवढ्यात रिक्षातून उतरून म्हातारी काठी टेकत आत आली. फळीकडे बघितलं आणि हसली. "गो, तो हिरवो काठ काढ. माझ्या लुगड्याचो तो. तिनाच मागान घेतल्यान."

सातही चिंध्या त्या त्या घरच्याच होत्या. तांबडी कुणाच्या तरी मुलीच्या परकराची, निळी बडोद्याच्या भाऊंच्या शाळेतल्या सदऱ्याची. तिऱ्हाइताला त्या चिंध्यांत काही कळू नये, आणि घरच्याला नुसतं बघून कळावं. सात घरांचा बंदोबस्त सासूबाईंनी कात्रीने केला होता, आणि मी त्यांना चिठ्ठ्या चिकटवायला निघाले होते.

गौरी-गणपती गेले आणि मी कामाला लागले. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या संगणकांचे पासवर्ड एका बंद पाकिटात नेऊन दिले, त्याच्याच तिजोरीत ठेवायला. ज्याचं घर त्याच्याकडे एक चावी असायला हवी, हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, याचं काय करू? म्हटलं, काही नाही, मी मेले तर उघडा. ते जरा दचकले. कीपासच्या फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून कुडाळला बहिणीकडे दिली. तिच्याकडे मुख्य पासवर्ड नाही. तो मी कागदावर मराठीत नाही, रोमनमध्ये लिहिला, कागद घडी घालून पाकिटात घातला, पाकीट पिशवीत, पिशवीला मेण. आमच्या हवेत कागदाला श्रावणातच बुरशी धरते.

सासूबाई तोवर हिंडत्या-फिरत्या झाल्या होत्या. ओटीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. काय आहे ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. वजन बघावं तसं हातात तोलून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझ्या खयच्या तरी जुन्या ओढणीचो तुकडो हाड."

मी आत जाऊन कॉलेजातल्या पिवळ्या ओढणीची चिंधी फाडून आणली. त्यांनी ती पाकिटाला गुंडाळली, दोन गाठी मारल्या, दात लावून घट्ट केल्या. आणि उठता उठता थांबल्या.

"वर नाव लिवलंस नाय मां?"